आयत्या ताटाची आवड

आमच्या घरात कोणाला काय आवडतं, याची नोंद अगदी पक्की आहे. सासऱ्यांना भरलं वांगं आवडतं, पण देठासकट. देठ काढलं की ते वांगं त्यांच्या हिशेबी वारलेलं. ह्यांना आमटी पातळ लागते आणि ‘आज पातळ का केलीस’ असं विचारायलाही आवडतं. मुलाला कुठलीही भाजी चालते, फक्त ती भाजी असता कामा नये. मुलगी सध्या ताटातलं प्रोटीन मोजते आणि ज्यात ते निघत नाही ते भावाच्या ताटात सरकवते. सासूबाईंचं ‘मला काय, काहीही चालतं’. हे सांभाळणं सर्वांत अवघड, कारण काय चाललं नव्हतं ते दुसऱ्या दिवशी शेजारून कळतं.

करणारीला काय आवडतं, हा रकाना मात्र कोरा. यात तक्रार काही नाही. पोळ्या लाटणाऱ्या बाईला पोळी आवडते का, हा प्रश्न आपल्याकडे कोणाला पडत नाही आणि पडला तर तिलाही गंमत वाटते. पण मी या प्रश्नावर भांडी घासता घासता बराच विचार केला आहे आणि उत्तरही काढलं आहे. मला दुसऱ्याने केलेलं आवडतं. पदार्थ कुठलाही असो. जे मला निवडावं लागलं नाही, चिरावं लागलं नाही, ज्याच्या फोडणीपायी मला खोकला आला नाही, त्याला चव असतेच.

आणि या आवडीसाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीइतकी सोयीची जागा मी तरी पाहिलेली नाही. एमआयडीसी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पत्र्याच्या शेडी येतात, सुताचे टेम्पो येतात. ते सगळं इथे आहेच. सोलापूरची चादर आणि टॉवेल जगभर जातात, त्यातले कितीतरी इथल्या मागांवरून उतरतात. मागांची खटखट रात्रंदिवस चालू. पाहुण्यांना पहिल्या रात्री झोप येत नाही, आम्हाला ती थांबली की जाग येते. पण शेडींच्या मागच्या गल्लीत घरं आहेत आणि घरांत चुली आहेत. माझ्या डावीकडे अक्का. त्यांचे पणजोबा तेलंगणातून विणकामासाठी इकडे आले, तेव्हापासून चार पिढ्या सूत आणि सोलापूर. उजवीकडे अव्वा, मूळच्या अक्कलकोट तालुक्यातल्या, घरात कन्नड. मधे मी, माहेर बार्शी. दोन्ही बाजूंच्या भिंती भांडं सरकवता येईल आणि भांडण करता येईल इतक्याच उंच.

एमआयडीसीतलं स्वयंपाकघर ओळखायची एक खूण सांगते. इथे भाकरी टॉवेलात गुंडाळतात. साधासुधा टॉवेल नव्हे, सेकंडचा. निर्यातीच्या मालात एखादा धागा सुटला, काठ तिरका आला की तो नग बाजूला पडतो आणि फिरत फिरत आमच्या घरात येतो. माझ्याकडच्या एकावर परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलाचं नाव विणलेलं आहे. त्या हॉटेलात एका रात्रीचं भाडं किती असेल कोण जाणे. इथे त्यात रोज रात्री सात भाकऱ्या झोपतात. वाफ छान शोषतो. अक्का त्याच जातीच्या टॉवेलावर सांडगे वाळवतात आणि अव्वा दह्याचा चक्का बांधतात. साहेबाने अंग पुसायचं म्हणून काढलेल्या मालाचा इतका चौफेर उपयोग त्यालाही सुचला नसता.

संध्याकाळी सातच्या सुमाराला तिन्ही घरांतून भाकरी थापल्याचा आवाज येतो. ज्वारी तिघींचीही मालदांडीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांना झाला तेवढाच आनंद आमच्या गल्लीला झाला. २०२३ हे जागतिक भरडधान्य वर्ष ठरलं, तेव्हा तर मुलीने मोबाइलवरून मला ज्वारीचे फायदे वाचून दाखवले. मी तेव्हा ज्वारीच थापत होते. हात मोकळे नसल्याने ऐकून घेतलं.

भाकरीचं शास्त्र मोबाइलवर सापडत नाही, ते परातीत आहे. पीठ ताजं हवं. जुनं झालं की ते विरी जातं. मग कितीही मळा, थापताना काठाला चिरा पडणारच. अशा वेळी उकळतं पाणी ओतून तळहाताच्या टाचेने रगडून रगडून त्याला चिकटपणा आणावा लागतो. थापायला घेतली की हात मारायचा एका जागी आणि भाकरी फिरायची स्वतःभोवती. ती फिरायची थांबली की समजावं, खाली पीठ कमी पडलं. तव्यावर टाकताना कोरड्या पिठाची बाजू वर, त्यावर पाण्याचा हात, आणि ते पाणी सुकतंय न सुकतंय तोच उलटायची. पुढचं जाळाच्या हवाली. टम्म फुगली की आपण काही बोलायचं नाही. बोललं की पुढची फुगत नाही, हा माझा अनुभव आहे आणि सासूबाईंचा सिद्धान्त.

कडक भाकरीची गोष्ट निराळी. ती थापायची पापडाच्या वाटेने आणि शेकायची पाहुणा कंटाळून उठेपर्यंत. एकदा का ती कडकडीत झाली की डब्यात निवांत दिवस काढते. आमटीत चुरली तर आमटीची, दह्याबरोबर घेतली तर दह्याची. इतकी मिळतंजुळतं घ्यायची वृत्ती घरातल्या एकाही माणसात नाही.

सासूबाई भाकरीचा तुकडाही टाकू देत नाहीत. त्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिला आहे. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेली आहे, सुकडी खाल्ली आहे आणि परदेशातून आलेली ती तांबडी मिलो ज्वारीही. मिलोचा विषय निघाला की आजही त्यांचं तोंड वाकडं होतं. “भाकरी थापली की तुटायची, तुटली नाही तर गिळायची नाही,” असं त्या सांगतात. म्हणून आमच्याकडे शिळ्या भाकरीची फोडणी होते, काला होतो, गूळतूप घालून मलिदा होतो. नातवंडं कुरकुरली की त्या शांतपणे म्हणतात, “मिलो आणून देऊ का?” धान्य दिसायचं बंद होऊन जमाना झाला, पण धमकी अजून चालते.

आता शेंगा चटणी. सोलापूरबाहेरच्या माणसाला वाटतं, दाण्याचं कूट तिखट घालून फिरवलं की झाली. त्याला चटणी म्हणायची तर मग धुरळ्यालाही म्हणावं लागेल. शेंगदाणे मंद भाजायचे, सालं पाखडायची, मग लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट घालून उखळात कुटायची. कुटायची म्हणजे तेल सुटून ती एकमेकांना धरून बसेपर्यंत. चमच्याने न उचलता बोटांनी मोडून घ्यावी लागते, ती खरी. मिक्सरमध्ये होते, पण मिक्सर गरम होतो आणि चटणी थंडच राहते, असं अक्कांचं म्हणणं. चटणी मूळची कोणाची यावर तिन्ही घरांत एकमत आहे. प्रत्येकीचं म्हणणं, आमची.

या चटणीची खरी परीक्षा गुरुवारी. अक्कलकोट इथून चाळीसेक किलोमीटर, रस्ता आमच्या दारावरून. त्यामुळे स्वामी समर्थांच्या दर्शनाला जाणारा प्रत्येक नातेवाईक ‘वाटेतच आहे तर’ म्हणून डोकावतो. आपण इतक्या लोकांच्या वाटेत आहोत हे लग्न ठरताना कोणी सांगितलं नव्हतं. फेब्रुवारी २०२३मध्ये मुंबईहून वंदे भारत सुरू झाली आणि ती रात्री साडेदहाच्या पुढे पाहुणे आणून सोडायला लागली. तोपर्यंत सिद्धेश्वर एक्सप्रेसने येणारे निदान सकाळी चहाच्या वेळेला उगवायचे. पुण्याच्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “फार तिखट नाही ना?” आम्ही म्हणतो, नाही. मग ते चिमूटभर चटणी घेतात, डोळ्यांतलं पाणी पुसतात आणि जाताना अर्धा किलो बांधून मागतात. पुसायला टॉवेल असतोच.

सोलापूरच्या स्वयंपाकावर लिहिणारे मसाल्यावर लिहितात, पाण्यावर कोणी लिहीत नाही. आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. तिकडे उजनी काठोकाठ भरलेली असो, इथे चार-पाच दिवसांआडच. तेव्हा आज काय करायचं हे करणारीही ठरवत नाही आणि खाणारेही ठरवत नाहीत, पिंप ठरवतं. पाण्याच्या दिवशी पुरण होतं, अळूवडी होते, पातेली खुशाल उष्टावतात. दुसऱ्या दिवशी आमटी-भात. तिसऱ्या दिवशी पिठलं. त्यानंतर पिंपाचा तळ दिसायला लागला की सुशीला. चुरमुरे भिजवायचे, पिळायचे, कांदामिरचीच्या फोडणीत परतायचे, वर दाण्याचं कूट. एक कढई, एक झारा. मुलगा म्हणतो, “आज सुशीला? म्हणजे उद्या पाणी.” महापालिकेच्या वेळापत्रकापेक्षा त्याचा माझ्या कढईवर विश्वास जास्त.

अशा कोरड्या दिवसांत भिंतीचं महत्त्व कळतं. तीन घरांचं पाणी एकाच दिवशी येतं आणि एकाच दिवशी संपतं, पण तिघींचा कंटाळा वेगवेगळ्या दिवशी येतो. त्यावर आमची देवाणघेवाण चालते. अंबाडीचंच पाहा. तिच्यात कण्या घालून वरून लसणाची चरचरीत फोडणी द्यायची, ही माझी बार्शीची रीत. अव्वांकडे तीच पुंडी, तिच्यात तुरीची डाळ पडते. अक्का तिला लाल मिरचीबरोबर परतून पाट्यावर वाटतात आणि गरम भातात तेल घालून कालवतात. तिघी एकाच भाजीवालीकडून एकाच वेळी जुडी घेतो. “आमच्यात असं नसतं की ओ,” हे वाक्य तिथेच, तिच्या टोपलीवर, तिघींचं म्हणून होतं. घरी मात्र प्रत्येकीच्या ताटात दोन वाट्या शेजारच्या असतात.

१९६७ साली महाजन आयोगाने अक्कलकोट कर्नाटकाला द्यावं म्हणून सुचवलं होतं. २०२२च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोटबरोबर सोलापूरही मागितलं आणि दोन्हीकडे गाड्यांना काळं फासण्यापर्यंत मजल गेली. आमच्या गल्लीत त्या दिवशी सासरे टीव्हीपुढे तावातावाने बोलत होते आणि त्यांच्या हातातल्या ताटात अव्वांच्या घरची गव्हाची हुग्गी होती. “एक इंचही देणार नाही,” असं म्हणून त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली. अव्वांनी भिंतीपलीकडून विचारलं, “अजून देऊ का ओ मामा?” सीमाप्रश्न तिथेच थोडा वेळ स्थगित झाला.

अक्कांची खरी कमाल संक्रांतीला. त्यांच्याकडे सकिनालु होतात. तांदळाचं पीठ, तीळ, ओवा. पिठाची लांबच लांब वळी बोटांत पिळत पिळत कापडावर एकाबाहेर एक अशी कडी घालत जायची. साचा नाही, सोऱ्या नाही. वळी तुटत नाही आणि कडं वाकडं होत नाही. मी शेजारी बसून पाहते. त्यांचं लक्ष टीव्हीवर असतं, बोटं आपली आपण चालतात. सगळा जन्म विड्या वळण्यात गेला, पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. त्या बोटांना पीठ म्हणजे सुट्टीच. त्यांची धाकटी बहीण कुंभारीच्या रे नगरात राहायला गेली, विडी आणि यंत्रमाग कामगारांसारख्या असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची ती मोठी वसाहत आहे ना, तिथे. नव्या घरात अक्कांनी आधी काय पाहिलं? खोल्या नव्हे, नळ नव्हे. सकिनालु वाळत घालायला जमीन पुरेल का ते पाहिलं. पुरते म्हणाल्या.

मला सकिनालु येत नाहीत. शिकायचीही इच्छा नाही. अक्का दरवर्षी म्हणतात, “काकू, सोप्पं आहे की ओ, शिका की.” मी दरवर्षी हो म्हणते. एकदा का शिकले की ते मला करावे लागतील, आणि मग ते मला आवडणार नाहीत. एवढा चांगला पदार्थ हातचा कशाला घालवायचा?

अव्वांकडचा मान वेळ अमावास्येला. मार्गशीर्ष अमावास्या आली की एमआयडीसीतले निम्मे लोक काहीतरी कारण सांगून गायब होतात आणि मालकही काही विचारत नाहीत, कारण तेही शेतातच असतात. अव्वांच्या माहेरी शेत आहे. कडब्याची कोप, आत पूजा, आणि बाहेर जमेल तेवढा गाव. वाल, मटार, तुरीचे ओले दाणे, हरभरा, पालेभाज्या, सगळं एकत्र रटरटून बेसनाने मिळून आलेली भज्जी, ज्वारीचे उंडे, आणि माठातली ताक घालून आंबवलेली लसणीची गार आंबील. आंबील पिऊन ज्वारीच्या ताटांच्या सावलीत आडवं व्हावं, की हुरड्याचे दिवस किती लांब आहेत याचा हिशेब झोपेतच होतो. त्या दिवशी मी हातात पळी धरत नाही. “काकू, तुम्ही बसा ओ,” असं त्यांच्या भावजया म्हणतात. बसा म्हटलं की मी लगेच बसते. याला लोक भिडस्तपणा नसणे म्हणतात. मी श्रद्धा म्हणते.

बाहेर जेवायला जाण्यात मात्र आमचे मतभेद आहेत. ह्यांच्या मते बाहेर जायचं तर घरी होत नाही ते खावं. म्हणून मुलांना पार्क चौपाटीवर नेतात आणि पावभाजी, डोसा, असं सगळं खाऊ घालतात. मला अक्कलकोट रस्त्यावरचा कुठलाही साधा ढाबा पुरतो. तिथे मी कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि पिठलं मागवते. ह्यांचा जीव खालीवर होतो. “अगं, हे तर रोज घरी असतं. यासाठी पैसे?” बिल येईपर्यंत ते मनातल्या मनात पिठाचा, दाण्यांचा आणि गॅसचा भाव लावत असतात. त्यांच्या हिशेबात एकच गोष्ट धरलेली नसते, ती म्हणजे मी. ताट समोर येतं, भाकरी दुसऱ्याच्या हातची, आणि संपत आली की पोऱ्या येऊन विचारतो, “अजून आणू?” घरी हा प्रश्न मी विचारते, उत्तर काय द्यायचं ते इथे मला सुचतं. आण.

सकाळी मागाची पाळी सुटते तेव्हा चौकात इडलीची गाडी लागते, तिथलंही मला चालतं. रात्रभर माग चालवून आलेले लोक उभ्याउभ्या इडली-चटणी खातात, कोणी तेलुगूत चटणी मागतो, कोणी कन्नडमध्ये सांबार, आणि गाडीवाला सगळ्यांना मराठीत सुट्टे पैसे मागतो. मी डबा घेऊन जाते. घरी सांगते, आज उशीर झाला म्हणून आणलं. उशीर मुद्दाम केलेला असतो, एवढंच सांगत नाही.

पण आयत्या ताटाचं परमपद अक्कलकोटलाच. १९८८ पासून तिथे स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळाच्या महाप्रसादाच्या पंगती उठताहेत. आत शिरायचं, रांगेत बसायचं, ताटात जे पडेल ते खायचं. काय करू, असं कोणी विचारत नाही. तुमच्यासाठी मुद्दाम केलंय, असंही कोणी ऐकवत नाही. वाढणारे घाईघाईने पुढे जातात, पुन्हा येतात, पुन्हा वाढतात, आणि शेवटी भांडी आपण घासायची नसतात. लोक म्हणतात, स्वामी भक्ताच्या मनातलं ओळखतात. मला त्याचं प्रमाण पंगतीतच मिळालेलं आहे. सासूबाईंना वाटतं, सुनेची भक्ती वाढली. गुरुवारी मी स्वतःहून ‘चला, अक्कलकोटला जाऊ’ म्हणते, त्याचं त्यांना फार कौतुक. पाहुण्यांनाही मी तेच सुचवते: इथे कशाला थांबता, प्रसादाची वेळ गाठा. पाहुण्यांना पुण्य, मला विसावा.

तेव्हा तुम्ही कधी दर्शनाला निघालात आणि वाटेत आमची गल्ली लागली, तर जरूर या. पेढे आणू नका, फळं आणू नका. तुमच्या घरचं काल रात्रीचं कालवण उरलं असेल तर तेवढं डब्यात घाला. खारट झालं असेल तरी चालेल. बदल्यात चटणी आणि कडक भाकरी मी बांधून देईन. तिखट सोसणार नसेल तर दही लागेल, ते अव्वांकडून मागवू. विरजण त्यांचं चांगलं लागतं. माझंही लागत असेल, पण ते मी अजून लावून पाहिलेलं नाही.